एफ वजा जी

अग्निशमन केंद्राच्या माडीवर, मंगळवारी सातला,
डिग्बीचे आम्ही नऊ जण गणिताला बसतो.
दिवसभर शिंपले सोलून
माझी बोटं अजून खारट आहेत.

मिस दूसे कागद वाटतात.
दोन रेघा. एफ सलग, जी तुटक.
सूत्र कुठंय, मी विचारते.
सूत्र मिळणार नाही, म्हणतात. बघ.

बघायचं म्हणजे
खाली चारवर बोट ठेवायचं, सरळ वर जायचं,
रेघ लागली की डावीकडे वळायचं
आणि जो आकडा भेटेल तो घेऊन यायचं.
दोन रेघांच्या दोन खेपा.
पाच अधिक दोन, सात.
बेरजेची रेघ कागदावर नसतेच,
ती दोघींच्या वरून जाते, कुणी न काढलेली.

तिसरा प्रश्न: एफ वजा जी, क्ष बरोबर सहा.
एफ तीन.
जी तीन.
मी पेन्सिल खाली ठेवली.

एफ म्हणजे खाडीचं पाणी, असं कुठे लिहिलं नव्हतं.
पण आमच्या गावात उतरती रेघ दुसऱ्या कशाची असणार?
धक्क्याच्या खांबांवर शेवाळाने
तिचा हिशेब रोज मांडलेला असतो.
आणि जी, सावकाश चढणारी:
माल भरत जाईल तशी बोट किती बुडते, ते.

बाबांना एफ तोंडपाठ.
भरतीचं कोष्टक त्यांनी कधी उघडलं नाही.
त्या ऑक्टोबरात जाळी फाटेस्तोवर माल लागला,
त्यांनी पाणी वाचलं, बोट वाचायची राहिली.
बंदराच्या तोंडाशी, सकाळी सहाला,
तीन वजा तीन.

'मर्लिन अँड सन्स' चिखलात कुशीवर पडली.
(सन एकच, तोही कॅल्गरीला.)
कुणाला खरचटलंसुद्धा नाही.
गाव थर्मास घेऊन बघायला आलं,
पाणी परत येईपर्यंत हसलं,
आणि पुढे कितीतरी वर्षं
ॲल्डन टायटसना दुकानात कुणी ना कुणी विचारायचं,
काय, खाली किती पाणी?
वसंतात त्यांनी बोट विकली.

शेवटचा प्रश्न आतून बाहेर सोडवायचा.
आधी एफ, मग त्याचं जी.
आलेलं उत्तर उचलायचं, पुन्हा खाली अक्षावर ठेवायचं,
आणि तिथून नव्याने चढायचं.
क्रम उलटा केला तर दुसऱ्याच गावी पोचतो आपण.
दोनला एफ आठ.
आठवर उभी राहून मी वर पाहिलं.
जीची रेघ सातलाच संपलेली,
टोकाला पोकळ ठिपका.
वर नुसता कागद.
मी लिहिलं: किंमत नाही.
मिस दूसेंनी बरोबरची खूण केली, काही न बोलता.

खाली ट्रकमध्ये बाबा हीटर लावून बसलेले.
काय आलं?
एक शून्य आलं, मी म्हटलं, आणि एक आलंच नाही.
त्यांनी काच पुसली, गिअर टाकला.
वळणापाशी विचारलं,
शून्य बरोबर होतं?
हो.
हं, म्हणाले. बरोबरच होतं ते.