खडूचं पाणी

डन्स्टेबलजवळचे डोंगर खडूचे आहेत.
खरंच खडूचे. तुकडा मोडून
फळ्यावर लिहिता येईल असे.
पाऊस त्यांच्यातून झिरपत झिरपत
कितीएक वर्षांनी नळाला येतो
आणि थांबेल तिथे काहीतरी लिहून ठेवतो:
किटलीच्या बुडाशी, शॉवरच्या भोकाभोकात,
कमोडच्या आत पाण्याच्या रेषेवर
एक तपकिरी कडं.

पहिल्या आठवड्यात तुरीची डाळ
चार शिट्ट्यांनी शिजली नाही, सातांनीही नाही.
धाकटीला फोनवर म्हटलं, इथे माझी डाळ शिजत नाही गं.
ती हसली.
तिला वाटलं, मी बोलण्यातलं बोलतेय.

मिसेस ऑल्डरटन यांचं गेस्ट हाउस,
खोल्या सात, बाथरूम पाच,
मी सकाळी नऊ ते एक.
ग्राझिना माझ्याआधीची, सहा वर्षांची जुनी.
ब्लीच ओतायला निघालेला माझा हात तिने धरला.
ब्लीचने डाग पांढरा होतो, म्हणाली, जात नाही,
आणि ॲप्रनच्या खिशातून काढून दिला
राखाडी, भोकाभोकांचा,
पावाच्या तुकड्याएवढा हलका दगड.

वजरी!
आमच्या मोरीत बादलीमागे असायची,
टाचांच्या भेगांसाठी.
ती इथे, या भांड्यात घालायची?
हात तसाच राहिला मधल्या मध्ये.
ग्राझिनाला काय सांगणार,
आमच्याकडे वस्तूंनाही पायरी असते.

आणि वस्तूंचं तरी का सांगू.
आमच्या घरी संडास घासायला
मागच्या दाराने सोनबाई यायची.
आई तिला वरून पाणी ओतायची,
वरून भाकरी टाकायची.
तिचं आडनाव मला आठवत नाही.
आठवत नाही म्हणणंही खोटंच,
कधी विचारलंच नव्हतं.

दगड ओला हवा, भांडंही ओलं.
कोरडा घासलास तर ओरखडा उठेल,
तो मग आयुष्यभर.
जोर लावू नको. दगड झिजला पाहिजे, चिनीमाती नाही.
नळांना हा अजिबात लावायचा नाही.
त्यांना व्हिनेगरचं फडकं गुंडाळ,
आणि चहा पिऊन ये.
ग्राझिना शिकवते छान. एकच गोष्ट दोनदा सांगते,
दुसऱ्यांदा जरा हळू.

घासताना राखेचं पाणी सुटतं.
कडं आधी फिकं, मग तुटक,
मग नुसता बोटाला लागणारा खरखरीतपणा,
डोळ्याला न दिसणारा.
तोच जायला सगळ्यात वेळ लागतो.

सांगोल्याला एकोणीस वर्षं मी भूगोल शिकवला.
अग्निजन्य खडक: प्रकार लिहा, दोन गुण.
'प्यूमिस हा खडक पाण्यावर तरंगतो'
हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहिलं,
दरवर्षी पुसलं.
एकदा मागच्या बाकावरून एक मुलगा उठला,
बाई, तरंगतो तो दगड कसला?
त्यावर कुणाचं नाव लिहावं लागतं का?
वर्ग हसला. मी त्याला खाली बसवलं.
पुस्तकात आहे, म्हटलं. पाठ कर.
विश्वंभर टेळे, हजेरी क्रमांक एकतीस.
मुलांची आडनावं मला सगळी आठवतात.

आज पाच नंबरच्या बाथरूममध्ये
ओल्या हातातून वजरी सुटली.
आता बुडाशी हात घालावा लागणार
म्हणून बाही वर केली,
तर ती वरच.
भांड्यात हळूहळू स्वतःभोवती फिरत.
एका बोटाने दाबली, खाली गेली,
बोट काढलं, आली.
पुन्हा दाबली.
बावन्नाव्या वर्षी, गुडघ्यांवर बसून,
इतकी वर्षं शिकवलेलं मी पहिल्यांदा पाहत होते.
एका बाजूला अर्धवट सुटलेलं लेबल,
नव्याण्णव पेन्स.

नाव होतं तर त्यावर, विश्वंभर.

खालून मिसेस ऑल्डरटन यांनी विचारलं,
सगळं ठीक आहे ना?
पाहुणे दोनला येणार होते
आणि नळाचं फडकं अजून सोडायचं होतं.