दोर

ओहोटीचे दोन तास. त्यातच काय ते.
एलादिओ माझ्या कमरेला दोर बांधतो,
गाठ तीनदा ओढून बघतो,
मग चौथ्यांदा, मी दुसरीकडे बघत असताना.

खाली काळ्या कपारीत पर्सेबे:
बोटाएवढे जाड, टोकाला नखं,
लाट फुटते नेमके तिथेच धरतात.
शांत पाण्यातल्यांना चव नसते, भावही नसतो.

परवाना माझ्या नावावर, आधी आईच्या होता.
तो अकरा वर्षं बोटीवर, आयर्लंडच्या बाजूला.
बोट उलटली त्या रात्रीचं विचारलं
तर म्हणतो, थंडी होती.
तेव्हापासून तो वर, मी खाली.

बारमध्ये रामिरो म्हणतो,
बायकोला कड्यावरून सोडतोस, आणि स्वतः रे?
सगळे हसतात. तोही हसतो,
ग्लास दोन्ही हातांनी धरून.

डॉक्टरने त्याला लिहून दिलंय: ॲसिडिटी.
मला झोप लागत नव्हती तेव्हा याच डॉक्टरने
मान वर न करता लिहिलं होतं: चिंता.
(माझी दाढ दुखत होती.)

वरून ओरडतो, आली!
मी खडकाला छाती लावते, डोकं आत.
पाणी अंगावरून जातं
अख्खं घर अंगावरून जावं तसं,
आणि त्या काळोखात दोरातून मला तो ऐकू येतो.
थरथर. बारीक, सारखी,
पलीकडच्या खोलीत शिलाई मशीन चालू असावं तशी.
वारा होता, म्हणेल नंतर.
वाऱ्याला मी ओळखते.
जीव मुठीत धरणं म्हणतात ते हेच:
त्याच्या मुठीत माझा.
त्याचा कुठे ठेवलाय, त्यालाच ठाऊक.

मी भीत नाही असं नाही.
माझी भीती गावाला पाठ आहे.
मेणबत्तीसारखी हातात धरून मी ती चर्चमध्ये नेते,
बायका सरकून बाकावर जागा करून देतात.
त्याच्या भीतीला कुठे टेकायला जागा नाही,
म्हणून ती दोरात उतरते.

आमच्या बोलीत भीती पुल्लिंगी आहे.
तो भीती.
आणि धैर्य, ती.
उशियाला शाळेत हे शिकवलं
तेव्हा घरी येऊन ती केवढी हसली.
एलादिओ मासे साफ करत होता.
सुरी थांबली. जराशी. मग पुन्हा खवले.

एकदाच म्हटलं त्याला,
थरथरतोस ते खाली कळतं मला.
बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, दुसरा कोणी बघतेस का धरायला?
नाही, म्हटलं. थांबू मात्र नकोस.
दोर निश्चल झाला
तर मला वाटेल, वर कोणी नाही.

आज समुद्र वाईट आहे, बाजार चांगला.
तो गाठ ओढून बघतो.
चौथ्यांदा ओढतो तेव्हा
मी मान वळवत नाही.