शेजाऱ्यांची यादी

सेगेदच्या गिरणीतून आई घरी यायची
तेव्हा पाप्रिकाची लाल पूड तिच्या नखांत मुरलेली असायची,
कितीही धुवा.
दाराची कडी, मिठाचं भांडं, धाकट्या झोम्बोरचा कान:
ती कुठे कुठे थांबून गेली
ते घरच आपणहून सांगायचं.

आता मी माश्यांच्या डोक्यात तेच करते.
फळमाशीच्या मेंदूतल्या एका प्रथिनाला
एक चुळबुळं विकर जोडून दिलंय.
त्याचीही बोटं तशीच,
हाताशी येईल त्याला बायोटिन फासणारी.
दहा नॅनोमीटर, बस्स.
त्यापलीकडचं जग त्याच्या गावी नाही.
माश्या मक्याची लापशी खातात,
भांडतात, माजावर येतात, काचेवर पाय पुसतात,
आणि आत, त्यांना पत्ता लागू न देता,
शेजारपाजार माखत जातो.

सोळा तास.

मग द्रव नायट्रोजन.
नळी जोरात हलवली की मुंडकी सुटतात,
चाळणीतून पडतात खसखशीसारखी.
इथे मी दर वेळी रेडिओ लावते.
पिरोश्काबाई विचारतात, बातम्यांची एवढी आवड कधीपासून?
खूण उमटते जिवंतपणी,
वाचायची मात्र मेल्यावर.

चुंबकी मणी बायोटिनला धरतात
ते पुन्हा न सोडण्यासाठीच.
साबणाने धुते, मिठाने धुते, युरियाने धुते.
चिकटलं ते चिकटलं.

आज यादी आली. तीनशे बारा जण.
काही तर जन्मतःच बायोटिन मिरवणारे, त्यांना गाळलं.
बरेचसे अपेक्षित, नेहमीच्या बैठकीतले.
आणि एकशे चाळिसाव्या ओळीत एक निनावी,
नुसता क्रमांक.
हा तिथे काय करत होता?
पिरोश्काबाई चष्मा कपाळावर सरकवतात:
शेजार म्हणजे सोयरीक नव्हे, पोरी.
जाता जाता धक्का लागला असेल.

आई गेली त्या वर्षी
गेल्लेर्तकाकांनी तिसा नदीवरची होडी विकायला काढली.
झोम्बोर बघायला गेला, मीही गेले.
वल्ह्याच्या मुठीवर, लाकडाच्या शिरेत उतरलेला
एक लाल अंगठा.

आई पाण्याला भ्यायची.
होडीत आजवर पाय ठेवला नाही, म्हणायची.

गेल्लेर्तकाका दोरखंड गुंडाळत होते,
फार वेळ, एकच दोरखंड.
मी काही विचारलं नाही.

रात्रीचे अडीच.
त्या निनाव्यापुढे पेन्सिलीने एक टिंब देते.
पुन्हा करायला हवं, नव्या माश्या घेऊन,
तीनदा तरी.
तीनदा आला तर जवळ होता असं म्हणता येईल.
का होता, ते तेव्हाही नाही.

होडी आम्ही घेतली.
झोम्बोर म्हणाला, वल्हं घासून रंगवू.
म्हटलं, राहू दे.