रीडिंग

ताडीवाला रोडच्या आतल्या गल्लीत
जिन्याखाली चार मीटर, एकावर एक.
वाकले, टॉर्च लावली,
सहा चार एक सात वाचलं
आणि मागून पोटरीला कुणीतरी चिमटा घेतला.

वळून बघते तर ते. तांबूस, हडकुळं,
माझ्याकडे नाही, भिंतीकडे बघत निघून गेलं.
सलवार फाटलीसुद्धा नव्हती फारशी.
दोन ठिपके. एक नुसताच लाल,
दुसऱ्यातून रक्त येत होतं सावकाश,
येऊ का, असं विचारत.

एक जण म्हणाला, पिल्लूच ते, त्याचं काय लागतंय.
एकीनं मिरचीपूड आणली, एकीनं चुना.
सलूनवाला कात्री हातात घेऊनच बाहेर आला:
हळद दाबा आणि आवळून बांधा.
सगळे मायेनंच सांगत होते, हेही लिहून ठेवते.

द्वारकाबाई ओव्हाळ काहीच म्हणाल्या नाहीत.
नळाखालची कळशी त्यांनी पायानं सरकवली.
पाणी पावणेअकराला जातं, दहा वीस झाले होते,
मागे तीन घरांचे हंडे रांगेत.
"बसा," म्हणाल्या,
आणि कपड्यांच्या साबणाची वडी हातात दिली.

पंधरा मिनिटं.
ती केवढी असतात
हे दुसऱ्याच्या नळाखाली पाय धरल्याशिवाय कळत नाही.
फेस, पाणी. फेस, पाणी.
हंडेवाल्या कुरकुरल्या, मग गप्प झाल्या,
मग त्यातलीच एक घड्याळ बघून म्हणाली, अजून सहा.

तेव्हा अंबादास आठवला.
मामाचा मुलगा. शाळेच्या वाटेवर
दात नुसता घासून गेला होता, रक्तही नाही.
मार बसेल म्हणून घरी बोलला नाही.
तेव्हा आंब्याला मोहर होता.
जांभळं आली आणि तांब्या पुढे केला की
त्याचा गळा आतून आवळायचा.
तहान होती त्याला.
मी नऊ वर्षांची, दारात तांब्या घेऊन उभी,
तो खाली ठेव, असं मला कुणी सांगितलंच नाही.

नळ मी आपणहून बंद केला नाही.
पाणीच गेलं.

दवाखान्यात केसपेपर, बाकडं, माझ्यापुढे
मांजरानं ओरबाडलेला एक कॉलेजचा मुलगा,
लाजत होता, मांजरच तर आहे म्हणत होता.
पठारे सिस्टर म्हणाल्या, मांजरालाही दात असतात, बस.
माझी पोटरी बघून म्हणाल्या, धुतलंय छान.
टाका नाही, पट्टी नाही.
दंडावर लस,
आणि रक्त आलं म्हणून जखमेतच वेगळी एक सुई.
ती दुखली. खोटं कशाला बोलू.
"लस शरीराला शिकवते," त्या म्हणाल्या,
"शिकायला दिवस लागतात.
तोवर राखणीला हे."

कार्डावर चार तारखा:
शून्य, तीन, सात, अठ्ठावीस.
आजचा दिवस शून्य, हे मला लगेच पटलं.
नवा मीटर बसवला की आम्हीही तिथूनच मोजतो.

कुत्रं दहा दिवस नजरेत ठेवा, म्हणाल्या,
पण सुई त्याच्यासाठी थांबवू नका.
द्वारकाबाईंनी भाकरी टाकून लक्ष ठेवलं,
रोज संध्याकाळी फोन: आहे, खातंय.
पाचव्या दिवशी म्हणाल्या, दिसत नाही हो.
स्टेशनकडे गेलं, गाडीखाली आलं, कुणी नेलं,
की आणखी काही,
ते आजतागायत कुणाला ठाऊक नाही.
मी सातव्या दिवशी रांगेत होते.

पुढच्या महिन्यात तीच गल्ली.
सकाळीच चौथी सुई घेऊन आले होते, दंड ठणकत होता.
द्वारकाबाईंनी पाणी विचारलं, तांब्याच दिला.
उभ्यानं प्यायले, सगळा,
घशातून उतरताना आवाज ऐकत.

मग जिन्याखाली वाकले, टॉर्च लावली,
आधी मागे बघितलं.
सहा पाच शून्य दोन.