पहाटे तीनचं पाणी

निफाडात पारा पाचावर.
पत्र्याचा डबा मातीवर पालथा घालून
मी उकिडवी बसलेय, हातात सिरिंज.
शून्य मिनिट. वीस. चाळीस.
बाटली, रबरी बूच, नंबर, तारीख.

"काहीच तर दिसत नाही हिच्यात,"
रंगनाथ बोरस्ते बाटली उजेडाला धरतात.
दिसत नाही, वासही नाही, काका.
तुमचा थोडा युरिया
वेलीपर्यंत पोचलाच नाही, वर निघाला.
"म्हणजे पैसेच उडाले की."
तेही.

नाशिकच्या खोलीवर रात्री
मॉडेलला मी सगळं सांगते:
ओल किती, ऊब किती, नत्र किती,
कादवेकाठच्या काळ्या मातीत चिकण किती.
ते आज्ञाधारक पोरासारखं रेघ ओढतं.
ठिपके रेघेला धरून चालतात,
फक्त अकरा जानेवारीचा एक
येवल्याच्या पतंगासारखा, पार वर.
सर म्हणाले, चूक असेल, काढून टाक.

काढण्याआधी काकांना फोन केला.
"अकराला? अगं, घड गेले असते त्या रात्री.
तिनाला मोटार लावली, विहिरीचं पाणी कोमट असतं.
ओळींत भुसा पेटवला. आम्ही चौघं जागेच."

कोमट पाणी.
माझ्या एकाही रकान्यात ते नव्हतं.
वर माणसं शेकत होती
आणि खाली, हवा संपलेल्या चिखलात,
कोट्यवधी जीव
नत्रावरच श्वास काढत होते.

नवा रकाना उघडते. नाव काय द्यावं?
'जागरण' लिहिते. खोडते.
'सिंचन, रात्री ३.'

रेघ जराशी उचलते.
ठिपक्यापर्यंत अजून नाही.