शून्य पौंड, शून्य पेन्स

मिस प्यूंचं कार्ड टेकलं की
मशीन दोनदा वाजतं.
एकदा त्यांच्यासाठी,
एकदा बरोबर जे कुणी असेल त्याच्यासाठी.
दोन तिकिटं निघतात, दोन्हींवर शून्य पौंड शून्य पेन्स.
कार्डावर फोटो त्यांचा,
डोळे किंचित भलतीकडे लागलेले.
सोबतीचा फोटो नाही. नाव नाही.
नुसतं अधिकचं चिन्ह,
गणिताच्या पुस्तकातून चुकून इथं येऊन बसल्यासारखं.

अकरा वर्षं मी ही गाडी चालवतो.
जाताना डावीकडे समुद्र, उजवीकडे मेंढ्या,
येताना उलट.
त्या अधिकच्या पुढं कोण कोण येऊन गेलं, मला पाठ आहे.
आधी भाऊ, इद्रिस, दगडाच्या खाणीतून निवृत्त,
तीन पायऱ्यांना धाप लागायची.
त्यानं बहिणीचा हात धरलाय की बहिणीनं त्याचा
हे आरशात कधी नीट कळलं नाही.
मग शेजारीण, तिला रोज तोच डोंगर सांगायची हौस:
"आज ढग खाली आलेत हं, मॉरविथ."
मग महिनाभर पुतण्या, कानात इअरफोन.
मग कुणीच नाही.
मशीनला काय, ते दोनदाच वाजतं.
दुसरं तिकीट मी खिशात ठेवायचो.
कचऱ्यात टाकवत नसे.

नोव्हेंबरातला मंगळवार.
थांब्यावर त्या, आणि पुढं एक पोरगी.
पोरीचं बँकेचं कार्ड नाकारलं. पुन्हा नाकारलं.
खिशात नाणी होती, पुरणारी नव्हती.
पिशवीतून नवा कोरा गणवेश डोकावत होता,
किमतीची चिठ्ठीसुद्धा तशीच.
"आज पहिला दिवस आहे," ती म्हणाली,
मला नाही, नाण्यांना.
मी नियम सांगायला तोंड उघडलं
(नियम सांगताना माझा आवाज अगदी बापासारखा होतो)
तेवढ्यात मागून पायरीवर काठी टक्.
"ती माझ्या सोबतीला आहे."
"तुमची ओळख आहे?"
"होतेय. नाव काय गं तुझं?"
"लौरी."
"ही लौरी."
टुंई, टुंई.

मी म्हटलं, मिस प्यू, सोबतीनं
तुम्ही चढाल तिथं चढायचं,
तुम्ही उतराल तिथंच उतरायचं. छापलंय तसं.
"मग मी उतरेन की ती उतरेल तिथं."

त्यांना जायचं होतं वाचनालयात, चौथा थांबा.
लौरीला मासळीच्या कारखान्यात, पार शेवटी,
जिथं थांब्याला छप्परही नाही.

वाटभर माझे कान मागे.
"समुद्र आला," पोरगी म्हणाली.
"माहितीये. वास येतो. रंग सांग."
दोन वळणं गेली.
"पाटी असते ना... ओल्या फडक्यानं आत्ताच पुसलेली."
"इद्रिसनं जन्मभर त्याच काढल्या," मिस प्यू म्हणाल्या,
"लोकांच्या छपरांसाठी."
आणि मग चर्चपर्यंत दोघी गप्प.

शेवटच्या थांब्यावर उतरल्या, नियमाप्रमाणे.
लौरी पळाली, परत आली,
काहीतरी बोलली, पुन्हा पळाली.
इथं माझी बारा मिनिटं असतात, चहाची.
त्या वाऱ्यात उभ्या, काठी बगलेत,
स्कार्फचं टोक सारखं तोंडात.
पोचवायला आलेल्याला कुणी पोचवायचं
हे कुठं छापलेलं नाही.
वेळेआधी प्रवासी घ्यायचा नाही, हे आहे.
मी दार उघडलं.

टुंई, टुंई.
सवयीनं मी दुसऱ्या तिकिटाकडे हात नेला.
"ते इकडे दे, ह्यू. सहाला सुटते ती.
परतीला लागेल."
"असं चालत नाही, मिस प्यू. बरोबर तुम्ही असायला हव्यात."
"मी नसेन असं कोण म्हणालं?"

सहाच्या फेरीला मी हीटर
जरा आधीच लावून ठेवला.