थंड इंजिन

"पहाटे पाचले येजो," निखारे मिस्त्री म्हणाले.
मे महिन्यात नागपुरात सातनंतर
थंड इंजिन सापडत नाही,
अन् टॅपेट थंड्यावरच लावा लागते.

गोळीबार चौकात रस्त्यावरचे दिवे चालूच होते.
हेडचं झाकण निघालं.
मॅग्नेटवरची रेघ त्यांनी खाचेसमोर आणली,
क्यामच्या चकतीवर नख ठेवलं, थांबले.
"एक दात मागं हाय. कोनं लावली चेन?"

मी नळाकडे पाहिलं.

वर्षभर सक्करदऱ्याच्या पुलावर
गाडी दम टाकायची,
मागून आई विचारायची, उतरू का,
आणि मी पेट्रोलपंपवाल्याला शिव्या द्यायचो.

चेन बसली. केसाएवढं पातं टॅपेटखाली सरकवलं,
जरासं अडलं, तिथंच नट आवळला.
मग किक.
तीस वर्षं पावरलूमवर होते, कान तिथंच राहिले;
म्हणून लांब पेचकस हेडला टेकवतात,
मूठ उरल्यासुरल्या दातांत धरतात
आणि जबड्यानं ऐकतात.

"जळलेला धूर पुरा गेला नसते,
अन् नवी हवा आत याले लागते.
पळभर दोन्ही दारं उघडी.
त्या पळाचेच पैसे घेतो मी."

दीडशे दिले.
वर पत्रा तडतडू लागला होता.
पेचकस पुसत, माझ्याकडे न बघता, ते म्हणाले,
"पुढच्या बारीनं चेन तूच लावजो.
मी पाह्यतो बसून."